मावठा, पेरूची बाग आणि शांत झालेल्या दोन पेट्या

सिमरोळची_बाग | ६ जानेवारी

नमस्कार मंडळी. काळजीत लिहिते आहे, विस्कळीत झालं तर सांभाळून घ्या.

इंदूरहून खंडवा रस्त्याने गेलं की सिमरोळच्या अलीकडे आमची पाऊण एकर बाग आहे. सासऱ्यांनी लावलेली. बावीस पेरू, सहा आंबे, नऊ लिंबं, बांधाला सीताफळं आणि कोपऱ्यात एक जुनी बोर. जमीन माळव्याची अस्सल काळी. उन्हाळ्यात भेगेत मनगट जातं आणि पाऊस झाला की पायातली चप्पल चिखलातच राहते. सासरे जाऊन चार वर्षं झाली. आम्ही राहतो सुदामा नगरात, आठवड्यातून तीनदा जाऊन येतो. रखवालदार दादा आणि त्यांचं कुटुंब मात्र बागेतच राहतं.

तीन वर्षांपूर्वी मी मधमाश्यांच्या चार पेट्या ठेवल्या. तीन मेलीफेराच्या (ही युरोपीय मधमाशी), एक सातेरीची (ही आपली देशी). पहिली दोन वर्षं काहीच अडलं नाही. लिंबं आणि पेरू चांगले धरले, मधही मिळाला, आणि मला वाटायला लागलं की मला हे काम येतं.

यंदा २० डिसेंबरपासून मावठ्याच्या तीन फेऱ्या झाल्या. पहिले दोन एकेका दिवसाचे होते. हा शेवटचा अडीच दिवस धरून बसला. झड म्हणावी तसा, बारीक, थंडगार, मधे ऊन म्हणून नाही. आजूबाजूला गहू आहे, ती मंडळी खुशीत आहेत. शेजारचे काका बांधावरून ओरडून म्हणाले, "बहू, आसमान से सोना बरस रहा है!" खरंच आहे त्यांचं. गव्हाला एक पाणी फुकट मिळालं. पण त्याच बांधाच्या अलीकडे माझ्या पेरूंच्या आळ्यांत घोटाभर पाणी साचलं होतं.

काल दुपारी पाऊस थांबला. पेट्यांपाशी गेले तर दोन पेट्यांच्या तोंडाशी हालचालच नाही. कान लावला, आवाज नाही. सातेरीची पेटी उघडली तर आत एकही माशी नाही. जिवंत नाही, मेलेलीही नाही. पोळी कोरडी ठणठणीत. मेलीफेराच्या एका पेटीत तळाला मेलेल्या माश्यांचा थर, पोळ्यावरही मेलेल्या. उरलेल्या दोन पेट्यांत गुणगुण आहे, पण क्षीण. झाकणाला आतून पाण्याचे थेंब आणि कडेच्या दोन चौकटींवर (पोळं धरणाऱ्या लाकडी फ्रेमवर) हिरवट बुरशी.

थंडीने गेल्या का? रात्री आठ-नऊ अंशांपर्यंत पारा उतरत होता. उरलेल्या दोन वाचवायला आज, आत्ता काय करू? आणि पेरूंचं काय? तीन झाडांची पानं एकाच बाजूने पिवळी पडली आहेत.

मातीत_हात | ६ जानेवारी

ताई, पेट्यांचं जाणकार सांगतील. पेरूचं आधी करा, उद्यावर टाकू नका. प्रत्येक आळं उताराच्या बाजूने फावड्याने फोडा, हातभर रुंद तोंड करा आणि पाणी चरात सोडा. खोडाजवळ पाचोळ्याचं आच्छादन असेल तर ते वीतभर लांब ओढा. ठिबक चालू असेल तर बंद करा. (हसू नका कोणी. पाऊस पडत असताना टायमरवर ठिबक चालू राहिलेली मी दोन बागांत पाहिली आहे.) सविस्तर रात्री लिहितो.

सातारची_सातेरी | ६ जानेवारी

ताई, वाईट वाटलं वाचून. उपाय सांगायच्या आधी थोडं विचारतो, कारण पेटी का गेली ते कळलं नाही तर उरलेल्या दोनही जातील.

मेलेल्या माश्या पोळ्यावर कशा आहेत ते बघा. घरांत डोकं खुपसून, फक्त शेपटीचा भाग बाहेर, अशा आहेत का? की नुसत्या तळाला पडल्या आहेत? पोळ्यावर, पेटीच्या तोंडाशी तपकिरी विष्ठेचे डाग आहेत का? मेलेली पिल्लं आहेत का, आणि असली तर काडी टोचून ओढल्यावर चिकट तार येते का? पोळ्याला घाण वास आहे का? आणि शेवटचं: मध कधी काढला होता आणि किती?

सातेरीबद्दल अंदाज आत्ताच सांगतो. सातेरी उपाशी मरेपर्यंत सहसा थांबत नाही. घरात काही उरलं नाही, ओल आली, मुंग्या लागल्या, की सगळं घर मोकळं करून निघून जाते. तुमची सातेरी मेली नसावी, घर सोडून गेली असावी.

सिमरोळची_बाग | ७ जानेवारी

काका, सकाळी सहालाच गेले. तुम्ही लिहिलंत तसंच आहे. डोकी घरांत, शेपट्या बाहेर. एका चौकटीवर तर तळहाताएवढ्या जागेत ओळीने तशाच. हे काय असतं ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला बघताक्षणी कळलं. घराच्या तळाशी काही उरलंय का ते शोधत होत्या.

डाग थोडे आहेत, फार नाहीत. पिल्लं अगदी थोडी, तार येत नाही, वास नाही.

मध मी दिवाळीनंतर काढला. तिन्ही मेलीफेराच्या पेट्यांमधून मिळून अकरा किलो. मधाचा कप्पा तर रिकामा केलाच, शिवाय पिल्लांच्या कप्प्यातल्याही कडेच्या दोन-दोन चौकटी काढल्या, कारण भरलेल्या होत्या आणि समोर मोहरी फुलायला लागली होती. वाटलं, पंधरा दिवसांत पुन्हा भरतील. शेजारच्या दोन शेतांत आजही मोहरी पिवळीधमक उभी आहे. पेटीपासून दीडशे पावलांवर.

एवढं फूल समोर असताना त्या उपाशी गेल्या, हे मनातून जात नाही.

सातारची_सातेरी | ७ जानेवारी

ताई, म्हणजे थंडीने नाही, भुकेने गेल्या. थंडीचं त्यांना एवढं भय नसतं. माश्या एकमेकींना बिलगून गोळा करतात, पंखांचे स्नायू थरथरवून ऊब धरतात. पिल्लं असलेल्या भागात ३४-३५ अंश राखतात, बाहेर आठ असले तरी. पण त्या उबेला सरपण लागतं आणि ते सरपण म्हणजे मध. ऊन असलेल्या थंडीत दुपारी चार तास बाहेर पडून त्या रोजची भर घालतात. झडीत दोन्ही बाजूंनी मार बसतो. बाहेर जाता येत नाही, आणि आत ऊब धरायला जास्त खावं लागतं. मेलीफेरा १२-१३ अंशांखाली उडायला धजत नाही आणि पावसात तर नाहीच. पाऊस थांबला तरी फुलातला मकरंद धुऊन गेलेला असतो, पराग भिजलेला असतो. म्हणून पिवळं शेत दिसतं ते आपल्याला. त्यांच्यासाठी ते दोन-तीन दिवस बंद दुकान असतं.

आता हाताशी असलेल्या दोन पेट्या.

आज संध्याकाळी आधी वजनाचा अंदाज घ्या. पेटी मागच्या बाजूने दोन बोटं उचला. भरलेली पेटी उचलताना कंबरेला जाणवते. सहज उचलली गेली तर आत काही नाही. तुमच्या दोन्ही सहज उचलल्या जातील असं मला वाटतं. तसं असेल तर पाकाची वाट बघू नका. पिल्लांच्या कप्प्यातल्या चौकटींच्या डोक्यावर वर्तमानपत्राचा एक कागद अंथरा, त्याला दोन-तीन चिरा द्या, त्यावर अर्धा-पाऊण किलो साधी पांढरी साखर पसरा आणि पाण्याचा हलका शिडकावा मारून ओलसर करा. माश्या खालून येऊन खातात, कागद कुरतडून बाहेर टाकतात. या साखरेचा आणखी एक फायदा असा की ती आतली ओल ओढून घेते. एवढं करायला झाकण मिनिटभरच उघडावं लागतं. चौकटी उचलू नका.

ऊन पडून दोन दिवस कोरडे गेले की पाक द्या. हिवाळ्यात घट्ट पाक: दोन भाग साखर, एक भाग पाणी. पातळ पाक आत्ता नको, तो आटवायला त्यांनाच कष्ट आणि पेटीत वाफ वाढते. पाक संध्याकाळीच, पेटीच्या आतच द्यायचा आणि थेंबही बाहेर सांडायचा नाही. नाहीतर दुबळ्या पेटीवर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या तुटून पडतात. तोंड दोन बोटांएवढं बारीक करा, म्हणजे राखायला सोपं.

आता ओल. झाकणाला आतून थेंब आहेत म्हणालात, माझ्या मते हे थंडीपेक्षा वाईट. मध खाल्ला की श्वासातून वाफ निघते, ती गार झाकणाला लागून पाणी होते आणि गोळा करून बसलेल्या माश्यांवर टपकते. कोरडी माशी आठ अंश सहन करते, ओली माशी नाही. पेटी मागून विटेच्या तुकड्याने बोटभर उंच करा, म्हणजे थेंब पुढे घरंगळून तोंडातून बाहेर जातील. आतल्या झाकणाच्या एका कडेला काडेपेटीची काडी मोडून ठेवा, तेवढ्या फटीतून वाफ निघते. वरून पत्रा किंवा ताडपत्री चारी बाजूंनी वीतभर बाहेर येईल अशी, पण पेटीला गुंडाळून नको. स्टँडच्या पायांखालच्या वाट्या पावसाने भरून वाहिल्या असतील, त्यातलं जळकं तेल गेलं असेल. ते पुन्हा भरा, नाहीतर आता मुंग्या चढतील.

बुरशी लागलेल्या चौकटींना घाबरू नका. कोरडं झालं की माश्या स्वतः साफ करतात.

नवी_कोपी | ७ जानेवारी

साखर रासायनिक असते ना? गावठी गुळाचं पाणी दिलं तर जास्त पौष्टिक नाही का होणार?

सातारची_सातेरी | ७ जानेवारी

नको. गुळात साखरेखेरीज जे असतं, क्षार वगैरे, ते आपल्याला चांगलं, पण कोंडून बसलेल्या माशीच्या पोटात ते मळ होऊन साठतं. माशी पेटीत विष्ठा करत नाही, बाहेर उडून करते. चार दिवस बाहेर पडता आलं नाही की हगवण लागते आणि पोळी खराब होतात. पांढऱ्या साखरेत मळ जवळजवळ नाही, म्हणून ती. बाजारातला मधही देऊ नका. कुठल्या वसाहतीचा आहे ठाऊक नसतं, पिल्लं सडवणारा रोग त्यातून येऊ शकतो.

लष्करचा_मधपाळ | ८ जानेवारी

ग्वाल्हेरहून लिहितो. आमच्याकडे मुरैना-भिंडपर्यंत मोहरीच मोहरी. नोव्हेंबरपासून बाहेरगावचे मधपाळ शेकडो पेट्या घेऊन शेतांच्या कडेला येऊन बसतात. ताई, आमचा अनुभव सांगतो, थोडा वेगळा आहे.

आमच्याकडे पावसापेक्षा धुकं जास्त. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. अशा वेळी मोहरीच्या मधाची एक खोड लक्षात ठेवा. तो फार लवकर बसतो, कारण त्यात ग्लुकोज जास्त. पोळ्यातच तुपासारखा गोठतो. मग घरं भरलेली दिसतात, पेटी जड लागते, पण माशीला तो नुसता खाता येत नाही, विरघळवायला पाणी लागतं. धुक्यात पाणी आणायला गेलेली माशी परत येत नाही. म्हणून मी मोहरीच्या मधावर कधी हिवाळा काढत नाही. त्याच्या आधीचा, पावसाळ्यानंतरचा मध काही चौकटींत राखून ठेवतो. ताईंनी दिवाळीनंतर काढला तो नेमका तोच होता.

(बसलेला मध भेसळीचा असतो हा समज मात्र सोडा. आमच्याकडे दर वर्षी दोन-तीन गिऱ्हाइकं बरणी परत आणून देतात. मोहरीचा मध बसला नाही तर मला शंका येईल.)

आणि एक. आम्ही थंडीत पेट्यांना भाताचा पेंढा बांधून वरून प्लास्टिक गुंडाळतो. ऊब राहते.

सातारची_सातेरी | ८ जानेवारी

पेंढ्याला माझी ना नाही, प्लास्टिकला आहे. आत वाफ, बाहेर प्लास्टिक, मधे लाकूड भिजतं. तुमच्याकडे चार अंशांपर्यंत जातं, पेट्याही दहा-दहा चौकटींच्या गच्च भरलेल्या असतात, तिथे चालत असेल. ताईंच्या पेटीत चार चौकटींवर माश्या उरल्या असतील तर त्यांना वेष्टण नाही, लहान घर हवं. रिकाम्या चौकटी काढून मधे फळीचा आडोसा घालायचा, म्हणजे तेवढीच जागा ऊबदार ठेवावी लागेल.

लष्करचा_मधपाळ | ८ जानेवारी

आडोशाचं पटलं. प्लास्टिक मी तोंडाची बाजू उघडी ठेवून बांधतो हे लिहायचं राहिलं. तरीही गेल्या वर्षी तीन पेट्यांना बुरशी होती हे खरं आहे. यंदा निम्म्या पेट्यांना नुसता पेंढा ठेवून बघतो.

मातीत_हात | ८ जानेवारी

ताई, परवा रात्री लिहितो म्हणालो आणि राहून गेलं. माझी बाग राऊच्या बाजूला, तीच काळी माती, म्हणून बोलतो.

काळ्या मातीचा दोष पाणी धरण्यात नाही, ते तर तिचं वैभव. "डग डग रोटी, पग पग नीर" ही म्हण तिच्या जोरावरच झाली. पण ती ओली झाली की फुगते आणि हवेच्या वाटा बंद होतात. मुळांना पाणी जास्त झालं म्हणून झाड मरत नाही, श्वास मिळत नाही म्हणून मरतं. गुदमरलेल्या मुळात मग बुरशी शिरते. पेरूची पानं एका बाजूने पिवळी पडणं, मग ती फांदी वाळणं, हे मर रोगाचं लक्षण असू शकतं. झाड मेलंच तर मुळांसकट काढा, खड्ड्यात चुना टाकून उन्हाळाभर उघडा ठेवा आणि तिथे लगेच पेरू लावू नका. बाकीच्यांना वाफसा आल्यावर (जास्तीचं पाणी ओसरून माती मोकळी झाली की) चांगल्या कुजलेल्या शेणखतातून ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, द्या. वाफसा येईपर्यंत बागेत कुदळ नको, ट्रॅक्टर तर अजिबात नको. ओल्या काळ्या मातीत एकदा चाक फिरलं की ती विटेसारखी होते.

चर कायमचे करून घ्या. दोन ओळींच्या मधे, उताराला धरून, हात-दीड हात खोल. एकदाचा खर्च आहे.

लिंबाकडे लक्ष द्या, त्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत म्हणून धास्ती वाटते. खोडावर जमिनीपासून वीत-दोन वीत उंचीवर साल काळी पडून डिंक येतोय का बघा. तो डिंक्या. ओल खोडाला लागून राहिली की येतो. सडलेली साल धारदार चाकूने निरोगी भागापर्यंत खरवडा आणि बोर्डो मलम लावा: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र ओतायचे, भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं, लोखंडी नाही. झालं की चकचकीत विळ्याचं पातं त्यात बुडवा. तांबूस लेप चढला तर चुना कमी पडला, आणखी घाला. पुढच्या पावसाळ्याआधी लिंबांना दुहेरी आळं करा, खोडाभोवती मातीची भर आणि पाणी त्या भरीच्या बाहेरच्या वर्तुळात.

आंब्याला आता पाणी बिलकूल नको. मावठ्याने आधीच ओल झाली आहे. आणखी पाणी दिलंत तर मोहोराऐवजी पालवी फुटेल.

शेवटी खताचा खड्डा. तो पाण्याने भरला असेल आणि वास मारत असेल. आपल्या इंदुरातच, आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे, इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ काम करत होते. इंदूर पद्धतीचं कंपोस्ट जगभर गेलं ते इथून. त्यांचा साधा नियम होता: कोरड्या दिवसांत खड्डा, पावसाळ्यात जमिनीवर ढीग. कारण खड्ड्यात पाणी साचलं की हवा संपते आणि कुजणं थांबून सडणं सुरू होतं. यंदाचा हिवाळा पावसाळाच समजा. खड्ड्यातलं सगळं बाहेर काढून उंच जागी ढीग करा, मधेमधे कोरडी पानं आणि थोडी राख घाला, वरून झाका आणि पंधरा दिवसांनी एकदा उलटा.

आंबराई | १० जानेवारी

माझं थोडं ऐका, कारण हे कोणी मला वेळेवर सांगितलं नव्हतं.

मावठ्यानंतर दहा-पंधरा दिवसांत तुमच्या आंब्याला मोहोर येईल. ढगाळ हवेत त्यावर भुरी (पांढरी बुरशी) येईल, तुडतुडे (रस शोषणारे किडे) येतील. तुडतुडे चिकट गोड स्राव सोडतात, पानं काळी पडतात, माणूस घाबरतो. मी घाबरलो. दुकानदाराने कीटकनाशकाची बाटली दिली, इमिडाक्लोप्रिड होतं. मी सकाळी दहाला, मोहोर भर फुललेला असताना फवारलं. बांधापलीकडे एका म्हाताऱ्या बाईंच्या पाच पेट्या होत्या. संध्याकाळी त्यांनी मला बोलावून नेलं. पेट्यांच्या पुढे जमीन दिसत नव्हती, माश्या थरथरत, गोल गोल फिरत पडल्या होत्या. त्या बाई मला काही बोलल्या नाहीत. सुपात माश्या भरून त्यांनी लिंबाखाली पुरल्या. नऊ वर्षं झाली.

इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या तिघांचा उघड्या शेतातला वापर युरोपीय संघाने २०१८ साली बंद केला, तो माश्यांवरच्या परिणामांमुळे. आपल्याकडे ती सहज मिळतात.

भुरी दिसलीच तर पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, सूर्य मावळल्यावर. तुडतुड्यांसाठी आधीच, मोहोर उमलण्यापूर्वी, निंबोळी अर्क. दाट फांद्या विरळ करून ऊन आत जाऊ द्या, तुडतुडे सावलीत दडतात. आणि शेजारचे कधी फवारणार ते विचारून ठेवा. हात जोडून सांगा, संध्याकाळी फवारा म्हणून. लोक ऐकतात.

सिमरोळची_बाग | १९ जानेवारी

सगळ्यांची उत्तरं छापून बागेतल्या खोलीत भिंतीला लावली आहेत. रखवालदार दादांना मराठी येत नाही, त्यांना हिंदीत वाचून दाखवली. चरांचं ऐकल्यावर ते म्हणाले, "बाबूजी भी यही कहते थे." म्हणजे सासऱ्यांनी चर केले होते! आम्ही ते मागच्या वर्षी बुजवले, बाग सपाट छान दिसावी म्हणून. दादांनी तेव्हा सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नव्हतं. जुने चर कुठून जायचे ते त्यांच्या ध्यानात होतं. चार दिवसांत दोघांनी मिळून ते उकरून काढले. पाणी वाहायला लागलं तेव्हा ते नेमकं जुन्या वाटेनेच ओढ्याकडे गेलं.

पेट्या खरंच हलक्या होत्या. मागून एका हाताने उचलल्या गेल्या. कागदावर साखर घातली, तिसऱ्या दिवशी बघितलं तर एका पेटीत कागदाला भोक आणि साखर निम्मी. दुसरीत चौथ्या दिवसापर्यंत काही नाही, मी आशा सोडली होती, मग पाचव्या दिवशी तिथेही कुरतडलेला कागद पुढ्यात पडला होता. आता घट्ट पाक चालू आहे, एक दिवसाआड. दुपारी ऊन असतं तेव्हा पायांना पिवळा पराग लावून येतात.

लिंबांपैकी दोघांना डिंक्या निघाला. विळ्याची परीक्षा केली, पहिल्यांदा पातं तांबूस झालं, म्हणजे चुना कमीच होता.

शेजारच्या काकांकडे फवारणीचं बोलायला गेले. आंबराई, तुमची हकीकत त्यांना सांगितली, नाव न घेता. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, हरभऱ्यावर अळीचं औषध मारायचं आहे, अंधार पडल्यावर मारतो, तू आदल्या दिवशी पेट्या झाकून घे.

काका, मेलेल्या पेटीच्या पोळ्यांचं काय करू? टाकवत नाहीत.

सातारची_सातेरी | १९ जानेवारी

टाकू नका. रोग नव्हता, भूक होती, ती पोळी चांगली आहेत. मेलेल्या माश्या मऊ ब्रशने झाडा, डोकी अडकलेल्या राहिल्या तरी चालतील, नव्या माश्या काढतात. मग प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, मेणकिड्याची अंडी मरतात. नंतर तशीच बंद ठेवा. एक पोळं बांधायला माश्यांना किती मध खर्चावा लागतो याचा विचार केलात तर तुमच्याकडे केवढी ठेव आहे ते कळेल. मार्चमध्ये ती ठेव लागेल.

बडोद्याची_वाडी | २२ जानेवारी

आमच्याकडे वडोदऱ्याजवळही यंदा असाच पाऊस झाला. मला पेट्या नाहीत, चिकू आणि लिंबू आहे. पण धागा वाचून विळ्याची परीक्षा केली आणि दहा वर्षं मी कमी चुन्याचं बोर्डो लावत आलो होतो हे कळलं. कोवळी पानं करपायची ती बहुधा त्यामुळेच. आभार.

सिमरोळची_बाग | ३ मार्च

बरेच दिवसांनी. तीन पेरूंपैकी एक गेला. सासऱ्यांनी लावलेल्या पहिल्या ओळीतला होता. दादांनी मुळांसकट काढला, खड्ड्यात चुना टाकला आहे. बाकी दोघांना नवी पालवी आहे. आंब्याला मोहोर चार झाडांवर चांगला, दोघांवर पालवीच आली.

पेट्या दोन्ही जिवंत आहेत. एक अजून सहा चौकटींवर आहे, तिला घाई करत नाही. दुसरी मात्र दहाच्या दहा चौकटी भरून वर चढली आहे. शेवगा फुलला, मग शेजारची कोथिंबीर धन्याला सोडलेली होती ती फुलली, आता लिंबाचा वास पेटीपाशी उभं राहिलं तरी येतो. यंदा मध काढलेला नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवलं आहे: "दिवाळीनंतर पाच चौकटी यांच्या."

सातेरी परत आली नाही. तिची पेटी धुऊन, मेण चोळून, आंब्याच्या खांद्यावर बांधून ठेवली आहे, तोंड पूर्वेला.

काका, भरलेल्या पेटीत खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारख्या दोन राणीकोठ्या (नवी राणी वाढते ती घरं) लोंबताना दिसल्या. एक बंद आहे, एक अजून उघडी. रविवारी वसाहत वेगळी करायची म्हणते, फ्रीजरमधली पोळी बाहेर काढून ठेवली आहेत. जुनी राणी कुठल्या पेटीत ठेवायची आणि नवी पेटी किती लांब न्यायची, तेवढं रविवारच्या आधी सांगाल का?